बेटावरचें घरटें
(नभोवाणीवरील भाषण)



आज ज्या पक्ष्याविषयीं मी बोलणार आहें तो भंडारा जिल्ह्यांतील कोणीहि आपल्या गांवच्या आकाशांत पाहिलेला नाहीं, आणि पुढेंमागें तो दिसेल अशी आशाहि मी कोणास लावीत नाहीं. आपल्या कोंकणच्या किनाऱ्यावरहि तो सहसा फिरकत नाहीं. या पक्ष्याचें नांव आल्बट्रॉस. इंग्रजी शिकलेल्या मंडळींना हें नांव कोलरिज कवीच्या १७९८ सालीं प्रसिद्ध झालेल्या खलाशाच्या काव्यामुळें ठाऊक असतें. परीक्षा झाली कीं काव्य विसरलें जातें, पण खलाशाच्या गळ्यांत अडकविलेला तो मेलेला पक्षी कांहीं केल्या विसरत नाहीं. परंतु काव्यांतील आल्बट्रॉस हा पक्षी कमी आणि शकुन अधिक. मला सांगावयाचें आहे तें हाडामांसाच्या, अंडें घालणाऱ्या आणि पिलाला भरविणाऱ्या आल्बट्रॉसविषयीं.

कोणी म्हणेल, समुद्राचें तोंड न पाहिलेल्या या धानाच्या मुलखांतील लोकांना दक्षिण महासागराची कथा कशासाठीं? प्रश्न रास्त आहे. त्याला माझें उत्तर असें कीं, ही कथा जितकी आल्बट्रॉसची आहे तितकीच बेटाची आहे. आपल्याकडे बेट म्हटलें म्हणजे पहिल्यानें आठवतें तें बांबूचें बेट. पण फाल्गुन लागला आणि वैनगंगेचें पाणी ओसरूं लागलें म्हणजे कारध्याच्या पुलावर उभें राहून खालीं पाहावें. पात्राच्या मध्यभागीं रेतीचे पांढरे उंचवटे वर आलेले असतात आणि त्यांच्या दोन्ही अंगांनीं पाणी वाहत असतें. भूगोलाच्या व्याख्येप्रमाणें तींहि बेटेंच. त्यांवरहि घरटीं असतात. तेथपर्यंत मी येणारच आहें. पण आधीं जरा दूरचा फेरा घेऊन.

आल्बट्रॉसच्या एकूण २२ जाति मानतात. त्यांतील आकारानें सर्वांत मोठ्या अशा सहा जातींस थोर आल्बट्रॉस म्हणतात. यांपैकीं भटक्या आल्बट्रॉसनें पंख पसरले म्हणजे या टोंकापासून त्या टोंकापर्यंत ११ फुटांच्याहि वर अंतर भरूं शकतें. दोन उंच पुरुष एकाच्या डोक्याला दुसऱ्याचे पाय लावून निजले तर जेवढी जागा अडेल तेवढी! जिवंत पक्ष्यांत याहून लांब पंख कोणाचे नाहींत. आणि एवढे पंख असून तो ते फारसे हालवीतच नाहीं, हें त्याचें विशेष. त्याच्या खांद्याशीं एक स्नायुबंध असा आहे कीं, पसरलेला पंख तेथें दाराला अडसर लावावा तसा अडकून राहतो. समुद्राच्या पृष्ठालगतचा वारा लाटांशीं घांसून मंदावतो; वरचा वारा वेगानें वाहतो. पक्षी वाऱ्याच्या सन्मुख होऊन वर चढतो, वर गेल्यावर वळतो, आणि वाऱ्याच्या पाठबळानें खालीं घसरत येतो. पुन्हां चढतो, पुन्हां घसरतो. या युक्तीचें मूळ तत्त्व लॉर्ड रॅले या शास्त्रज्ञानें १८८३ सालीं सांगितलें. पक्ष्याला तें अर्थातच त्यापूर्वींपासून ठाऊक होतें.

या रीतीनें तो किती दूर जातो याचा अंदाज पुष्कळ काळपर्यंत कोणास नव्हता. जहाजांवरील लोक एवढेंच सांगत कीं, दिवसच्या दिवस हा पक्षी जहाजामागून येतो. १९८९ सालीं दोघां फ्रेंच संशोधकांनीं हिंदी महासागराच्या दक्षिण टोंकाकडील क्रोझे बेटांवर कांहीं भटक्या आल्बट्रॉसांच्या पाठीवर लहानशीं यंत्रें बसविलीं आणि उपग्रहाच्या साह्यानें त्यांचा माग काढला. जोडीदार अंड्यावर बसला असतां दुसरा पक्षी अन्नासाठीं बाहेर पडतो, त्या एकेका फेरींत हे पक्षी ३,६०० पासून १५,००० किलोमीटरपर्यंत फिरून आल्याचें आढळलें. नागपुराहून मुंबईस आगगाडीनें नऊ वेळां जावें आणि नऊ वेळां परत यावें, एवढा हा पल्ला. आणि तो कशासाठीं, तर एका वेळच्या शिधासामग्रीसाठीं!

आतां घरट्याकडे वळूं. येथेंच कथेचें मर्म आहे.

थोर आल्बट्रॉसची मादी एका वेळीं एकच अंडें घालते, आणि पिलूं वाढलें तर पुढील वर्षीं तें जोडपें अंडें घालीतच नाहीं. अंडें सुमारें ११ आठवडे आळीपाळीनें उबवावें लागतें. पिलूं बाहेर आल्यावर तें उडून जाईपर्यंत आणखी सुमारें नऊ महिने जातात. दक्षिणेकडील सबंध हिवाळा, बर्फ, वादळ, सर्व कांहीं तें पिलूं त्या मातीच्या उंचवट्यावर एकटें बसून सोसतें. आईबाप अधूनमधून येऊन भरवितात आणि जातात. मग एके दिवशीं तें उडतें आणि कित्येक वर्षें जमिनीला पाय लावीत नाहीं. स्वतःचें घरटें करावयास त्याला बहुधा दहा वर्षें लागतात. म्हणजे एक गेला आणि त्याच्या जागीं दुसरा उभा राहावयाचा तर आपल्याकडे मूल शाळेंत जाऊन इंग्रजी चवथींत येईल एवढा काळ लोटतो.

हा व्यवहार तोट्याचा वाटतो, पण तसा नाहीं. मिळकत थोडी असली तरी खर्चहि थोडा, असें हें कुटुंब आहे. आल्बट्रॉस पन्नास वर्षें सहज जगूं शकतो. थोर आल्बट्रॉसच्या धाकट्या भावंडांपैकीं लेसन आल्बट्रॉस म्हणून एक जाति प्रशांत महासागरांत आहे. मिडवे बेटावर त्या जातीच्या एका मादीच्या पायांत १९५६ सालीं चँडलर रॉबिन्स या पक्षिशास्त्रज्ञानें कडें अडकविलें. ४६ वर्षांनीं, २००२ सालीं, त्याच रॉबिन्सच्या हातीं तीच मादी पुन्हां आली! तिचें नांव विझ्डम, म्हणजे प्रज्ञा, असें ठेवलें आहे. २०२४ च्या अखेरीस, सत्तरी केव्हांच उलटून गेल्यावर, तिनें पुन्हां एक अंडें घातलें. ज्यानें तिच्या पायांत कडें घातलें तो मनुष्य तोंपर्यंत निवर्तला होता.

असें संथ, निर्धास्त जीवन कोणास परवडतें? ज्याच्या घराला शत्रु ठाऊक नाहीं त्याला. दक्षिणेकडील त्या बेटांवर लाखों वर्षें चतुष्पाद प्राणी नव्हते. कोल्हा नव्हता, मुंगूस नव्हतें, मांजर नव्हतें, उंदीरहि नव्हता. म्हणून आल्बट्रॉसनें आपलें घरटें उघड्यावर, भुईवर केलें; लपविण्याची कला त्याला कधीं शिकावी लागली नाहीं. भय हेंहि एक शिक्षण आहे आणि तें त्याला मिळालेलें नाहीं. मनुष्य जवळ गेला तरी तो उडत नाहीं, नुसता पाहत राहतो. जपानी भाषेंत आल्बट्रॉसला जें नांव आहे त्याचा अर्थ ‘मूर्ख पक्षी’ असा होतो. ज्यांनीं हें नांव दिलें त्यांनीं काय केलें तेंहि सांगितलें पाहिजे. तोरीशिमा बेटावर पिसांच्या व्यापारासाठीं आंखूड शेपटीच्या आल्बट्रॉसांची इतकी कत्तल झाली कीं, १९४९ सालीं ती जाति नामशेष झाली असें ठरलें. १९५१ सालीं त्या बेटावर सुमारें दहा पक्षी पुन्हां दिसले, तेव्हां लोकांना आपली चूक कळली. लाठी घेऊन येणाऱ्या मनुष्यासमोर जो निश्चिंतपणें बसून राहतो तो मूर्ख कीं भोळा, हा शब्दांचा प्रश्न आहे. मी तरी भोळाच म्हणेन.

पण मुद्दाम केलेली कत्तल ही गोष्ट समजावयास सोपी आहे. मला अधिक विचार करावयास लावते ती एक दुसरी हकीकत. तींत कोणाच्याहि मनांत पाप नव्हतें, आणि तींतील प्राणी आपल्या घरोघरीं पूज्य आहे.

कन्याकुमारीहून नीट दक्षिणेकडे रेघ ओढली तर ती सुमारें पांच हजार किलोमीटरांवर एका एकाकी बेटाला जाऊन लागते. त्याचें नांव आम्स्टरडॅम. बेट फ्रेंचांचें, समुद्र मात्र आपलाच, हिंदी महासागर. १८७१ सालीं रेयुनियन बेटावरील अर्तें नांवाचा एक शेतकरी आपलें कुटुंब आणि थोडीं गुरें घेऊन तेथें वसाहत करण्यास गेला. वारा, थंडी आणि एकांत यांपुढें त्याचें कांहीं चाललें नाहीं. थोड्याच महिन्यांत तो परत फिरला आणि जातांना पांच गुरें मागें सोडून गेला. पांच गुरें! आपल्याकडे एखाद्या लहानशा शेतकऱ्याच्या गोठ्यांत मावतील एवढीं. पण त्या बेटावर वाघ नव्हता, रोग नव्हता, खाटीक नव्हता. त्या पांचांचीं पुढें सुमारें दोन हजार झालीं. त्यांनीं झाडोरा खाल्ला, दलदलीची मऊ भुई तुडविली, आणि वरच्या पठारावर जेथें आल्बट्रॉस घरटीं करीत तेथपर्यंत कुरण वाढवीत नेलें. १९८३ सालीं शास्त्रज्ञांनीं जेव्हां ओळखलें कीं, या बेटावरील आल्बट्रॉस ही जगांत अन्यत्र कोठेंहि अंडीं न घालणारी स्वतंत्र जाति आहे, तेव्हां तिचीं वर्षाला घरटीं करणारीं जोडपीं अवघीं पांचएक उरलीं होतीं.

गाईनें अंडें खाल्लें नाहीं, पक्षी मारला नाहीं. ती चरली, एवढेंच. दोष गाईचा नव्हे आणि फारसा त्या शेतकऱ्याचाहि नव्हे; संकटांत सांपडलेल्या मनुष्यानें गुरें मोकळीं सोडून दिलीं, यांत आपल्याकडे कोणी पाप मानणार नाहीं, उलट पुण्यच मानील. पण बेटाचें गणित निराळें असतें. १९८७ सालीं बेटाच्या एका अंगाकडून दुसऱ्या अंगापर्यंत कुंपण घालून गुरांना पठारापासून अडविलें, आणि २०१० पर्यंत शेवटचें गुरूं तेथून नाहींसें केलें. हें ऐकून कित्येक श्रोत्यांच्या मनाला चरका बसेल, हें मी जाणतों. मलाहि तो बसला. परंतु आज वर्षाला चाळीस-पन्नास जोडपीं तेथें घरटें करतात, हेंहि तितकेंच खरें आहे. त्यानंतर उंदीर, घुशी व मांजरें यांचा नायनाट करण्याची मोठी मोहीम २०२४ सालीं त्या बेटावर झाली. आणि लागलीच जानेवारी २०२५ मध्यें बेटावर वणवा पेटून निम्म्याहून अधिक भाग होरपळला. जातीचें सर्वस्व एकाच बेटावर ठेवणें म्हणजे काय, तें या एका ओळींत दिसतें.

उंदरांचा विषय निघाला आहे म्हणून दक्षिण अटलांटिकमधील गॉफ बेटाचें नांव घेतों. जहाजांतून आलेलीं घरगुती चिमुकलीं उंदरें तेथें शिरलीं आणि अन्नाच्या टंचाईंत आल्बट्रॉसच्या पिलांना रात्रीं जिवंतपणीं कुरतडूं लागलीं. पिलूं उंदरापेक्षां शेंकडों पट मोठें. चोंच मारली तर उंदीर जागच्या जागीं मरेल. पण तें मारीत नाहीं. अंगावर चढून चावणारा प्राणी असतो ही गोष्टच त्याच्या रक्तांत नाहीं. २०२१ सालीं हेलिकॉप्टरांतून विषारी आमिष टाकून उंदरांचा नायनाट करण्याचा प्रयत्न झाला. वर्ष संपतें न संपतें तों एक उंदीर पुन्हां दिसला, आणि सर्व खटपट फुकट गेली. एक उरला तरी सर्व उरल्यासारखेंच. तथापि साउथ जॉर्जिया या त्याहून कितीतरी मोठ्या बेटावर असाच प्रयत्न यशस्वी होऊन २०१८ सालीं तें बेट उंदीरमुक्त जाहीर झालें. तेव्हां ही गोष्ट अशक्य कोटींतील नव्हे.

बेटावरचें संकट हें असें. पण आल्बट्रॉसचें निम्मेंअधिक आयुष्य समुद्रावर जातें, आणि तेथें आज त्याचा सर्वांत मोठा वैरी लोखंडाचा एक लहानसा गळ आहे. ट्यूना, म्हणजे कोंकणांतला कुपा, आणि तत्सम मोठे मासे धरण्यासाठीं जहाजें दहादहा कोसांचे, कधीं त्याहूनहि लांब दोर समुद्रांत सोडतात. त्या दोराला हजारों गळ, आणि प्रत्येक गळाला आमिषाचा मासा. दोर जहाजाच्या मागून सुटतो आणि आमिष बुडण्यापूर्वीं कांहीं क्षण पाण्यावर तरंगतें. आल्बट्रॉस तें गिळतो, गळ चोंचींत रुततो, दोराच्या भारानें पक्षी खालीं खेंचला जातो आणि बुडून मरतो. २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजाप्रमाणें अशा दोरांवर दरवर्षीं निदान १,६०,००० समुद्रपक्षी प्राणास मुकतात. हे सर्व आल्बट्रॉस नव्हेत; पण ज्या कुटुंबाची मिळकत दोन वर्षांस एक पिलूं एवढीच, त्याला थोडा खर्चहि जड जातो. शिवाय कर्ता पक्षी बुडाला कीं त्याच्या जागेवर वाट पाहणारें पिलूं उपाशी मरतें, आणि उरलेल्या जोडीदाराची नवा जोडीदार मिळेपर्यंत कांहीं वर्षें वांया जातात. कित्येक ठिकाणीं माद्या नरांपेक्षां उत्तरेकडील उष्ण पाण्यांत अन्नासाठीं जातात, आणि कुप्याचीं जहाजें नेमकीं तेथेंच असतात. त्यामुळें माद्या अधिक मरतात, आणि बेटावर नर नुसते नाचत राहतात.

यावरील उपाय ऐकून आपल्या शेतकऱ्यांना हंसूं येईल. समुद्रावर बुजगावणें! दोर सोडतांना जहाजाच्या मागच्या बाजूस एक उंच दोरी बांधावयाची आणि तिला रंगीत पट्ट्या लोंबत सोडावयाच्या. वाऱ्यानें त्या फडफडतात आणि पक्षी आमिषाजवळ येत नाहीं. ही युक्ति प्रथम जपानी मच्छीमारांनीं काढली. त्यांना पक्ष्यांची कींव आली म्हणून नव्हे, तर आमिष फुकट जातें म्हणून. याशिवाय दोर रात्रीं सोडणें आणि गळाला वजन लावून तो लौकर बुडविणें, एवढें केलें तरी पुष्कळ होतें. दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जाळें ओढणाऱ्या जहाजांनीं अशा पट्ट्या वापरल्या तेव्हां आल्बट्रॉसचे मृत्यु शेंकडा ९९ नीं घटले, असें २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या हिशेबांत आहे. आल्बट्रॉसच्या रक्षणासाठीं अनेक राष्ट्रांचा एक करारहि २००१ सालीं होऊन २००४ पासून अंमलांत आला. तरीहि आज २२ पैकीं १५ जाति धोक्यांत आहेत. दोरीला कापडाच्या पट्ट्या बांधणें ही गोष्ट स्वस्त आहे; पण भर समुद्रांत, रात्रीच्या वेळीं, ती बांधली कीं नाहीं हें पाहणारा कोण?

समुद्रांतील बेटें आपल्या महाराष्ट्रांतहि आहेत, आणि त्यांवरहि पक्षी घरटीं करतात. सिंधुदुर्ग जिल्ह्यांत वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यापासून सुमारें १४ किलोमीटरांवर उघड्या खडकांचा एक पुंजका आहे. त्यांतील एकावर दीपगृह आहे, बाकीचे पांखरांचे. ए. ओ. ह्यूम, ज्यांचें नांव आपण राष्ट्रसभेच्या इतिहासांत वाचतों तेच, पक्ष्यांचे मोठे अभ्यासक होते. १८७५ सालीं पश्चिम किनाऱ्यावरून लखदिवीपर्यंत त्यांनीं जो प्रवास केला त्यांत ते या खडकांवर गेले होते. पुढें १९४० च्या सुमारास हुमायून अब्दुलअली यांनीं तेथील पक्ष्यांविषयीं मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत लिहिलें. लगामी सुरय नांवाचे समुद्रपक्षी त्या खडकांच्या कपारींत अंडीं घालतात. पावसाळ्यांत समुद्र खवळला म्हणजे तेथें होडी लागत नाहीं, हीच त्यांची मोठी राखण. पण दुसरे जे पक्षी तेथील गुहेंत राहतात, त्या पाकोळ्यांची कथा वेगळी. त्यांचें घरटें लाळेचें असतें आणि पूर्वेकडील देशांत त्याचें सूप करून पितात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेच्या लोकांना त्या गुहेंत घरटीं काढण्यासाठीं बांधलेल्या बांबूंच्या परांच्या आढळल्या, आणि वनखात्याच्या साह्यानें तो उद्योग बंद करावा लागला. जेथें उभें राहावयास धड जागा नाहीं तेथें मनुष्य बांबू वाहून नेतो! उंदीर परवडले, असें क्षणभर वाटतें.

आतां आपल्या नदीकडे येऊं.

वैनगंगेचें पाणी वर्धेला मिळून प्राणहिता होतें, प्राणहिता गोदावरीला मिळते, आणि गोदावरी समुद्राला. त्या समुद्राचें गोत्र सांगणारा एक पक्षी आपल्या नदीवर बाराहि महिने असतो. त्याचें नांव नदी सुरय. राखी पाठ, काळी टोपी, पिवळी धमक चोंच, तांबडे पाय आणि दुभंगलेली लांब शेपूट. पाण्यावर घिरट्या घालतां घालतां एकदम सूर मारतो आणि मासा घेऊन वर येतो. नदीवर जाणाऱ्या आमच्या ढिवर बंधूंना त्याची ओळख करून देण्याची गरज नाहीं. वेंगुर्ल्याच्या सुरयाचा हा सख्खा चुलतभाऊ, आणि घराण्याची रीत त्यानें सोडलेली नाहीं. अंडीं घालावयाचीं तीं बेटावरच. समुद्र नाहीं तर नदी. खडक नाहीं तर रेती.

शिशिर सरतां सरतां रेतीचीं बेटें उघडीं पडतात. सुरय रेतींत नुसता एक उथळ खळगा करतो आणि त्यांत बहुधा तीन अंडीं घालतो. काडी नाहीं, पीस नाहीं, आडोसा नाहीं. अंड्यांचा रंग रेतीशीं इतका मिळता कीं, दोन हातांवरून दिसत नाहीं. याहि पक्ष्याचा सारा भरंवसा सभोंवारच्या पाण्यावर. पूर्वी हें पाणी पावसाळा सरल्यापासून मृगापर्यंत उतरतच जाई. त्याचा नेम पक्ष्याला ठाऊक होता. आतां नदीचें पाणी पंचांगाप्रमाणें उतरत नाहीं. धरणांच्या दारांप्रमाणें उतरतें आणि चढतें. पवनी तालुक्यांत गोसे खुर्द येथें ज्या धरणाचा पाया १९८८ सालीं घातला गेला, त्याच्या ३३ दारांमागें आज केवढा तरी जलाशय पसरला आहे. जेथें पाणी सांठलें तेथील रेतीचीं बेटें पाण्याखालीं गेलीं, आणि त्यांबरोबर उन्हाळ्यांतील डांगरवाड्याहि गेल्या. मी धरणाच्या विरुद्ध बोलत नाहीं. ज्याच्या धानाला पाणी मिळालें त्याला जाऊन विचारावें. आणि ज्याचें गांव बुडालें त्यालाहि विचारावें. मी फक्त एवढेंच सांगतों कीं, नदीचें पाणी राखण्याचें जें काम पूर्वी ऋतु करीत होता तें आतां माणसें करतात, आणि त्या पाण्याच्या कुंपणाआड कोणाचीं घरटीं आहेत हें त्या माणसांस ठाऊक असावें.

कारण दोन्हीकडून मरण आहे. वैशाखांत वरून एकाएकीं पाणी सोडलें तर अंडीं वाहून जातात. उलट पाणी फारच आटलें तर बेट कांठाला जोडलें जातें, आणि मग गांवचीं कुत्रीं, कोल्हे, गुरें हीं सर्व चालत येतात. आम्स्टरडॅम बेटावर गुरांना जहाज लागलें. येथें घोट्याएवढें पाणी ओसरलें कीं झालें. आणि तिसरें मरण ट्रॅक्टरवर बसून येतें. रेतीवांचून आज घर बांधतां येत नाहीं, हें मान्य. पण रेतीघाटाचा उपसा जोरांत चालतो तो उन्हाळ्यांत, आणि सुरयाच्या विणीचा काळ तोच. रात्रीं, परवान्यावांचून जो उपसा होतो त्याची तर गोष्टच नको. खोरें चालविणाऱ्याला अंडें दिसतच नाहीं; कोणाला मारलें हें त्याला ठाऊकहि नसतें. त्या बाबतींत तो अर्तें शेतकऱ्याहून निराळा नाहीं.

सुरय आल्बट्रॉसइतका काटकसरी नाहीं. त्याला दरसाल अंडीं घालतां येतात, तेव्हां एखादें वर्ष बुडालें तर तो सांवरतो. पण वर्षामागून वर्ष बुडूं लागलें तर म्हाताऱ्या पक्ष्यांकडे पाहून आपली फसगत होते. ते नदीवर दिसत राहतात, आपण म्हणतों, पांखरें आहेत कीं! आणि एके वर्षीं दिसेनासे होतात. नदी सुरयाची गणना आज जगांतील धोक्यांत असलेल्या पक्ष्यांत होते. त्याचाच भाऊ जो काळ्या पोटाचा सुरय, त्याची स्थिति याहून बिकट आहे.

चंबळ नदीवर अशाच रेतीच्या बेटांवर पाणचिरा नांवाचा पक्षी अंडीं घालतो. तेथें बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनें कांठच्या गांवकऱ्यांतूनच घरट्यांचे राखणदार नेमण्याची पद्धत घातली आहे. आपल्याकडे शेताची जागल करणारीं माणसें आहेत. रानडुकरांपासून धान राखण्यासाठीं तीं रात्र रात्र मचाणावर काढतात. नदीच्या एखाद्या बेटाची अडीच-तीन महिन्यांची जागल याहून कठीण नाहीं. रेतीघाटांचा लिलाव होतो तेव्हां ज्या दोनचार बेटांवर सुरय बसतात तेवढीं फेब्रुवारीपासून मेपर्यंत वगळावीं, हेंहि अशक्य नाहीं. सबंध नदी कोणी मागत नाहीं. हीं बेटें कोणतीं हें सरकारी कचेरींतील नकाशावरून कळणार नाहीं, कारण दर पुराबरोबर तीं जागा बदलतात. तें कळेल नदींत रोज होडी, डोंगा घालणाऱ्यांना. आमच्या मुलखांतले सारस धानाच्या बांधींत गवताचा ढीग रचून पाण्यांत स्वतःचें बेट तयार करतात, आणि तेथें शेतकऱ्यानें वळसा घालून नांगर नेल्याचीं उदाहरणें गोंदियाकडे पुष्कळ ऐकूं येतात. तेव्हां ही गोष्ट आमच्या लोकांना नवी नाहीं.

होळीनंतर कोणी नदींत उतरलें आणि डोक्यावर दोन पांढरीं पांखरें कर्कश ओरडत घिरट्या घालूं लागलीं, मधूनच अंगावर झेंप घेऊं लागलीं, तर समजावें कीं घरटें पायाशीं कोठेंतरी आहे. तें शोधूं नये. ज्या पावलांनीं आलांत त्याच पावलांवरून परत फिरावें; दुसऱ्या वाटेनें निघालांत तर अंड्यावर पाय पडण्याचा संभव. कांठावर येऊन, एखाद्या झुडपाच्या सांवलींत बसून थोडा वेळ पाहावें. दुपारीं रेती इतकी तापलेली असते कीं, अनवाणी उभें राहवत नाहीं. उघडें राहिलेलें अंडें त्या उन्हांत फार वेळ टिकत नाहीं, म्हणून पक्षी लौकरच परततो. पण तो सरळ अंड्यावर येत नाहीं. आधीं पाण्यावर उतरतो, पोटाचीं पिसें चांगलीं भिजवितो, मग उडत येऊन खळग्याशीं उतरतो आणि तें ओलें पोट अंड्यांवर हलकेंच टेंकवून बसतो.